तुकोबांच्या पुलावरून

१९०७ साली जळगावात महाराष्ट्रातील कवींचे संमेलन भरले होते. धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा तिथे कविता म्हणायला उभा राहिला आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी भर सभेत त्याला ‘बालकवी’ करून टाकले. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्याचे नाव. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे बदल्यांच्या मागे फिरण्यातच त्याचे लहानपण गेले. त्यातला काही काळ आपल्या नवापूरच्या रानात गेला. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. त्या वेळी हा सारा मुलूख खानदेशात मोडत असे.

त्याच संमेलनाला अहमदनगरहून (म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून) पंचेचाळिशीचे एक कवी आले होते. त्यांनी या पोराची जात ओळखली. जात म्हणजे कवीची जात. पुढे ठोमरे नगरला त्यांच्या घरी राहिला, जेवला, रुसला, लिहिता झाला. त्या घरात येशूची प्रार्थना होत असे. ठोमरे हिंदूच राहिला आणि त्याने ख्रिस्ती व्हावे असा आग्रह यजमानांनी धरला नाही. हे यजमान म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

शाळेच्या पुस्तकांनी आपल्याला टिळकांची ओळख फुलामुलांचे कवी म्हणून करून दिली. ‘केवढे हे क्रौर्य’ आणि ‘वनवासी फूल’ यांच्यापाशी ती ओळख बहुधा संपते. पण या माणसाने आयुष्याची शेवटची चोवीस वर्षे एका वेगळ्याच प्रश्नाशी झुंजण्यात घालवली. एका धर्मातून दुसऱ्या धर्मात गेलेल्या माणसाने मागचे सगळे दाराबाहेर ठेवायचे असते का? आजीच्या ओव्या, आईची गाणी, कानांवर पडलेले अभंग हे सारे जुन्या धर्माचे म्हणून टाकून द्यायचे का? टिळकांचे उत्तर स्वच्छ नकाराचे होते. ते उत्तर त्यांना महागात पडले आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या घराला.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी, चित्पावन ब्राह्मणाच्या घरी झाला. वडील तापट होते. आईला कवितेचा नाद होता, पण ती लवकर गेली. मुलगा घरातून निघाला तो नाशिकला पोचला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृत पक्के केले. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. सोवळ्याचा कमालीचा अतिरेक असलेल्या घरात वाढलेली ही अकरा-बारा वर्षांची मुलगी म्हणजे पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. टिळकांनी शिक्षकी केली, व्याख्याने दिली, कविता केल्या. एका जागी ते टिकत नसत आणि हातात पैसाही टिकत नसे. अचानक घर सोडून निघून जाण्याची खोड होती ती वेगळीच.

नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते धर्मग्रंथांच्या अभ्यासाला लागले. ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी चालवले. याच काळात जातिभेद, मूर्तिपूजा आणि पुनर्जन्म यांवरचा त्यांचा विश्वास ढळत गेला. सगळी माणसे एका देवाची लेकरे मानणारा एखादा नवाच धर्म आपण स्थापावा असे त्यांच्या मनाने घेतले. अशा अवस्थेत १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या माणसाशी गाठ पडली. तो अर्नेस्ट वॉर्ड नावाचा मिशनरी होता. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरताना त्याने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले, पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी पुस्तक वाचायला घेतले. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन ते थांबले. शत्रूवरही प्रेम करायला सांगणारी ती पाने त्यांना सोडवेनात.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी सांगितले नव्हते. या गोष्टीची कितीही कारणे दिली तरी तिचे समर्थन होत नाही. पदरी तीन-चार वर्षांचा दत्तू, नवरा जिवंत असून नसल्यासारखा आणि नातेवाईक घायाळ, अशा स्थितीत लक्ष्मीबाईंनी काही वर्षे पंढरपुरात आणि इतरत्र काढली. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, पण ब्राह्मण म्हणूनच, आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवून. सोवळे त्यांच्या मनातून सुटले ते कुणाच्या उपदेशाने नव्हे. देवाने माणसे केली आणि जाती माणसांनी केल्या, हे त्यांचे त्यांनाच उमगत गेले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी जे ग्रंथांतून मिळवले ते या जेमतेम शिकलेल्या बाईने पाण्याच्या तांब्यावरून मिळवले. तिचा प्रवास मला अधिक अवघड वाटतो.

टिळक आता नगर आणि राहुरीला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. शिकवत, लिहीत, प्रवचने करत. तिथे त्यांना एक गोष्ट खुपू लागली. देवळात म्हटली जाणारी पुष्कळशी गीते इंग्रजी चालींवर बेतलेली होती. शब्द मराठी, पण ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण अशी की म्हणणाऱ्याची जीभ अडखळावी. नगरकडे ख्रिस्ती कीर्तन आधीपासून होत असे, पण देवळातल्या उपासनेचा सूर मात्र परका राहिला होता. गावात शेजारच्या आळीला टाळमृदंगावर भजन रंगायचे आणि बाप्तिस्मा घेतलेला माणूस पेटीच्या संथ सुरात उभा राहायचा.

याच सुमारास टिळक पुन्हा तुकोबांकडे वळले. अभंग वाचताना त्यांच्या ध्यानात आले की आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते कुणा पंडिताच्या वादविवादाने नव्हे. देव आपल्याला आईसारखा हाक मारतो आणि आपण रडत त्याच्याकडे धावायचे असते, हे आपण तुकोबांपाशीच शिकलो होतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते सांगत. एवढ्यावर ते थांबले नाहीत. यहुदी लोकांना जसा ‘जुना करार’, तशी आपल्याला ज्ञानोबा-तुकोबांची वाणी, असे त्यांनी मांडले. संतांचे वाङ्मय हाच मराठी ख्रिस्ती माणसाचा पहिला जुना करार.

हे ऐकून अनेक मिशनरींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर नवल नाही. ख्रिस्ती सत्यात हिंदू भेसळ होणार, ही भीती त्यांच्या बाजूने खरीच होती. पण टिळक सांगत होते ते ख्रिस्ती धर्माला नवे होते का? इथे थोडे दूर, सतराअठराशे वर्षे मागे जायला हवे.

येशू यहुदी होता, त्याचे पहिले शिष्यही यहुदी. एकच देव, संदेष्टे, येणारा तारणारा या साऱ्या कल्पना त्यांना घरातूनच मिळाल्या. मेलेल्यांचे पुनरुत्थान, सैतान आणि देवदूतांची सेना, शेवटचा न्याय या गोष्टी यहुदी विचारात ठळक होत गेल्या त्या पुष्कळशा इराणी राजवटीच्या काळात आणि त्यानंतर. म्हणून आपल्या पारशी बांधवांच्या जरथुष्ट्री धर्माची छाया त्यांवर असावी असे अनेक अभ्यासकांना वाटते. ती किती गडद, यावर वाद आहे. हा नवा पंथ पॅलेस्टाईनबाहेर ग्रीक बोलणाऱ्या शहरांत गेला तेव्हा मात्र त्याला ग्रीकांच्या भाषेत बोलावे लागले आणि भाषेबरोबर विचारही आत आले.

एकाच शब्दाची गोष्ट पाहा. ‘लोगोस’ हा ग्रीक शब्द. इसवी सनापूर्वी पाचशेच्या आसपास इफिससच्या हेराक्लिटसने विश्व चालवणाऱ्या नियमाला तो लावला. स्टोइक तत्त्वज्ञांनी विश्वात भरून राहिलेल्या बुद्धीला तेच नाव दिले. येशूच्याच काळात अलेक्झांड्रियात फायलो नावाचा यहुदी पंडित होऊन गेला. त्याने देव आणि सृष्टी यांच्या मधला दुवा म्हणून हा शब्द यहुदी विचारात वापरला. नंतर योहानाच्या शुभवर्तमानाच्या अगदी आरंभी तोच शब्द येशूसाठी आला. मराठी बायबल त्याचे भाषांतर ‘शब्द’ असे करते. आपल्याला शब्दब्रह्म ठाऊक आहे, म्हणून ते वाचताना अडत नाही, एवढेच.

पुढे दुसऱ्या शतकात जस्टिन नावाचा एक माणूस झाला. त्याची कथा वाचताना टिळकांची आठवण आल्यावाचून राहत नाही. जन्म पॅलेस्टाईनमधल्या आजच्या नाब्लसचा, घराणे यहुदी नव्हे. सत्याच्या शोधात तो एका गुरूकडून दुसऱ्याकडे गेला. स्टोइक झाले, ॲरिस्टॉटलवाले झाले, पायथागोरसवाले झाले आणि प्लेटोच्या पंथात तो थोडा रमला. मग एकदा समुद्रकाठी एक अनोळखी म्हातारा भेटला आणि त्याने त्याला संदेष्ट्यांच्या लिखाणाकडे वळवले. कुणाला समुद्रकाठी म्हातारा भेटतो, कुणाला राजनांदगावच्या गाडीत मिशनरी! जस्टिन ख्रिस्ती झाला, पण तत्त्ववेत्त्याचा झगा त्याने उतरवला नाही. त्याच वेशात तो रोममध्ये शिकवीत राहिला आणि १६५च्या सुमारास श्रद्धेपायी त्याचे मस्तक उडवले गेले. सॉक्रेटिससारखे जे लोक विवेकाने जगले ते ख्रिस्ताच्या आधीचे ख्रिस्तीच, असे म्हणण्याइतका तो मोकळ्या मनाचा होता. त्याच्यामागून अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने तर स्पष्टच मांडले की यहुद्यांना जसे नियमशास्त्र, तसे ग्रीकांना तत्त्वज्ञान, दोन्ही बोट धरून ख्रिस्ताकडे नेणारे. तुकोबांना जुन्या कराराच्या जागी बसवणारे टिळक याहून वेगळे काय सांगत होते?

विरोध तेव्हाही झाला. आफ्रिकेतल्या कार्थेजच्या टर्टुलियनला प्लेटोचे आणि श्रद्धेचे नातेच मान्य नव्हते. गंमत अशी की आत्म्याविषयी लिहिताना त्याने स्वतः स्टोइकांचेच विचार पुष्कळ उचलले. ३२५ साली नायसीया येथे धर्मसभा भरली. पिता आणि पुत्र यांचे नाते सांगायला तिथे जो शब्द ठरला, तो बायबलमध्ये कुठेच नव्हता. दोघांचे मूलतत्त्व एकच, अशा अर्थाचा तो ग्रीक शब्द तत्त्वज्ञांच्या परिभाषेतला होता. काही धर्माध्यक्षांना तो रुचला नाही, तरी तोच टिकला. पुढे संत ऑगस्टीन बाप्तिस्म्याकडे वळले त्याच्या आधी, ३८६ साली मिलानमध्ये, त्यांनी प्लेटोपंथीयांची पुस्तके वाचली होती आणि त्या वाचनाने आपली वाट मोकळी केली असे त्यांनी स्वतःच नोंदवले.

याचा अर्थ ख्रिस्ती धर्म म्हणजे उसनवारीची गोधडी, असा काही जण काढतात. तो मला पटत नाही. प्लेटोच्या देवाला माणसांसाठी सुळावर जाण्याचे कारण नव्हते आणि स्टोइकांच्या ‘लोगोस’ने कधी सुताराच्या घरी जन्म घेतला नाही. शब्द जुने राहिले, त्यांत नवे ओतले गेले. पण जुने शब्द नसते तर नवे कशात ओतले असते? टिळकांना ज्यांनी भेसळीची भीती घातली, त्यांच्या घरचे दूध निदान त्या अर्थाने कधीच निर्भेळ नव्हते. अथेन्सची भेसळ इतकी जुनी झाली होती की ती चवीला लागत नव्हती. देहू-आळंदीची नवी होती, म्हणून जाणवली.

महाराष्ट्राच्या दाराशीही याचे उदाहरण होते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, स्वर्गाला वैकुंठ हे नाव आणि सांगणी थेट पुराणिकाची. पण स्टीफन्स बाहेरून आत आले होते. टिळक आतलेच होते, त्यांना वेश घ्यावा लागला नाही.

टिळकांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, भजने आणि कीर्तने रचली. ‘अभंगांजली’तला ख्रिस्त हा सद्गुरू आहे, सखा आहे आणि सगळ्यांत जास्त तो माउली आहे. पाश्चात्त्य ख्रिस्ती गीतांत देव बहुधा राजा किंवा पिता असतो. विठोबाला आई म्हणणाऱ्या परंपरेतून आलेल्या कवीने ख्रिस्ताला आई म्हटले, तेव्हा केवळ उपमा बदलली नाही. देवाशी कसे वागायचे, किती हट्ट करायचा, रुसायचे की नाही, तेही बदलले. धर्मसिद्धान्त फक्त सभांमध्येच घडत नाही, तो गाण्यातही घडतो. मराठी मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची गीते मोठ्या संख्येने आहेत आणि रविवारी ती म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना कवीचे नाव ठाऊक नसते.

आपल्या जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज टिळकांच्या मिशनमधून आलेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशात आले. नवापूर, नंदुरबार, चिंचपाडा इथे त्यांनी काम उभे केले. चिंचपाड्याचा दवाखाना त्यांनीच काढला. भिल्ल, मावची, कोकणी घरांत बायबल पोचले ते आधी मराठीतून, आणि मराठीबरोबर मराठी भजनेही आली.

पण इथे टिळकांची वाट थोडी अरुंद ठरते, हेही सांगायला हवे. कोकणातल्या ब्राह्मणाला तुकोबा हा पूल झाला, कारण तुकोबा त्याच्या कानांत लहानपणापासून होते. मावची आजीच्या कानांत तुकोबा नव्हते. तिच्याकडे याहा मोगीच्या कथा होत्या, देवमोगऱ्याची महाशिवरात्रीची यात्रा होती, ढोलाच्या तालावरची रोडाली गाणी होती. टिळकांचा हिशेब लावायचा तर तिचा पहिला जुना करार तोच. नवापूर-अक्कलकुव्याकडे धर्मांतरावरून आजही कडाक्याचे वाद होतात आणि त्यांत दोन्ही बाजूंनी एकच गृहीत धरले जाते, की माणूस नव्या देवाकडे गेला म्हणजे जुने सगळे टाकूनच गेला. टिळकांनी ते गृहीतच नाकारले होते. त्यांनी नाकारले ते ब्राह्मणी-वारकरी संचिताच्या बळावर. सातपुड्याच्या बाबतीत त्यांनी काही मांडून ठेवले नाही, ते काम त्यांच्या हातून झाले नाही.

टिळकांवर संशय मात्र दोन्हीकडून घेतला गेला. हिंदू टीकाकार म्हणत, अभंग हा नुसता मुखवटा, आत मिशनरीच. मिशनरींतले कर्मठ म्हणत, बाप्तिस्मा वरवरचा, आत वारकरीच. बाटग्याला सभेत मान कशाला, असे म्हणणारेही होते. तरी जळगावसारख्या संमेलनात त्यांना मान मिळाला तो कवितेच्या जोरावर. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. तिथून परदेशी मंडळींच्या वडीलकीविरुद्ध ते अधिकाधिक उघडपणे लिहू लागले. मराठी मंडळीचा कारभार मराठी माणसांनी करावा, मिशनरींनी भाऊ म्हणून राहावे, मालक म्हणून नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे मोठेपण असे की मतभेद होऊनही अनेक मिशनरींशी त्यांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

१९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यास घेतला. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्तावर प्रेम करणारा कोणीही या दरबारात यावा, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ही त्यातली विलक्षण गोष्ट. जातपात सोडा, पण ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती ही भिंतही त्यांना आता नकोशी झाली होती. एका अर्थी नागपूरच्या दिवसांत मनात घोळलेला तो सर्वांचा धर्म पाव शतकाने ख्रिस्ताच्या नावाने परत आला होता. संसारी बायकोला या संन्यासाचे काय वाटले असेल, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. पहिल्या खेपेला नवरा न सांगता गेला होता. या वेळी निदान सांगून गेला.

दरबार मांडून दोन वर्षेही झाली नव्हती. मे १९१८मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेला, अवघ्या सत्तावीस वर्षांचा. ज्या मुलाला टिळकांनी घरात वाढवले तो त्यांच्या आधी गेला. टिळकांची प्रकृतीही ढासळत होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्यामागे त्या रूपात टिकला नाही.

टेबलावर एक काम अर्धे राहिले होते. येशूचे चरित्र ओवीत सांगणारे ‘ख्रिस्तायन’ टिळकांनी हाती घेतले होते आणि सुरुवातीचे अध्यायच लिहून झाले होते. नाव रामायणाच्या धर्तीचे, सांगणी श्रीधराच्या पोथ्यांना जवळची. ते पुरे करायला बसल्या लक्ष्मीबाई. ज्या बाईला अक्षरे नवऱ्यानेच गिरवायला लावली होती, तिने उरलेले जवळजवळ सगळे अध्याय ओवीबद्ध केले. नवऱ्याने लिहिले त्याच्या कितीतरी पट तिने लिहिले. ओवी तिला शिकावी लागली नाही. ती जलालपूरच्या माजघरात तिच्या कानांवर पडलेली होती. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर आले ते १९३८ साली.